बॅटरी किती तासांची? घरगुती सर्व्हरच्या सुरक्षित वीजपुरवठ्याचा विचार

घरातील वीज गेली म्हणजे अंधार झाला, एवढाच वीज जाण्याचा अर्थ एके काळी होता. कंदील पेटविला किंवा खिडकी उघडली, की थांबलेले काम पुढे चालू होई. आज तशी स्थिती राहिलेली नाही. कुटुंबाची छायाचित्रे, कागदपत्रे, मुलांचा अभ्यास आणि पुष्कळदा उपजीविकेचे कामही संगणकावर असते. संगणकाचे काम मध्येच तुटले तर केवळ वेळ वाया जातो असे नाही. साठविलेली माहितीही बिघडते. ३० जुलै २०१२ रोजी उत्तर भारताचे, आणि दुसऱ्या दिवशी उत्तरेबरोबरच पूर्व व ईशान्य भारताचेही वीजजाळे कोलमडले, तेव्हा सुमारे ६० कोटी लोकवस्तीचा प्रदेश वीजपुरवठ्याला मुकला होता. अशी घटना विरळाच घडते. परंतु पाचदहा मिनिटांचा खंड, क्षणभराचा झटका किंवा पावसाळ्यातील दाबाचा चढउतार ह्या गोष्टी अनेक गावांत नित्याच्याच आहेत.

अशा काळात घरगुती सर्व्हरची कल्पना रूढ झाली आहे. सर्व्हर म्हणजे इतर संगणकांना मागतील ती माहिती पुरविणारा व दिवसरात्र चालू राहणारा संगणक. पूर्वी असे यंत्र मोठ्या कचेऱ्यांतच दिसे. आता हौशी माणसे, विद्यार्थी, घरून काम करणारे व्यावसायिक, तसेच लहान शाळा व वाचनालयेही ते ठेवू लागली आहेत. चारसहा हार्ड डिस्क असलेले साठवणीचे यंत्र, एकदोन लहान संगणक, इंटरनेटचा राउटर आणि ह्या सर्वांना जोडणारा स्विच, अशी सामग्री एकोणीस इंच रुंदीच्या लोखंडी मांडणीत बसविली, की तिला रॅक म्हणतात. रॅकच्या तळाशी बॅटरीवर चालणारा यूपीएस ठेवण्याची रीत आहे. पुष्कळ घरांत मात्र दिवे व पंखे चालावेत म्हणून घेतलेल्या इन्व्हर्टरवरच सारा रॅक जोडला जातो.

बॅटरी बसविली म्हणजे सर्व्हर सुरक्षित झाला, आणि बॅटरी जितकी मोठी तितकी सुरक्षितता अधिक, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज चुकीचा आहे. माहिती वाचविण्यासाठी तास लागत नाहीत, मिनिटे लागतात. आणि बॅटरी जितकी मोठी, तितका तिच्यात साठलेल्या ऊर्जेचा धोकाही मोठा. यास्तव खर्चाचा क्रम बदलावयास हवा. प्रथम घराचे अर्थिंग, नंतर यंत्रे आपोआप व क्रमाने बंद होण्याची व्यवस्था, आणि सर्वांत शेवटी बॅटरीचा आकार, हाच क्रम योग्य होय.

तास की मिनिटे

वीज अकस्मात गेल्याने माहिती कशी बिघडते, हे प्रथम पाहिले पाहिजे. संगणक कोणतीही माहिती एकदम डिस्कवर लिहीत नाही. ती काही काळ त्याच्या तात्पुरत्या स्मृतीत असते, आणि ही स्मृती वीज जाताच पुसली जाते. शिवाय एका नोंदीसाठी डिस्कवर अनेक ठिकाणी लिहावे लागते. त्यांतील काही लिहून झाले व काही राहिले, तर नोंदवहीत रक्कम लिहिली पण खातेदाराचे नाव राहून गेले, तशी अवस्था होते. अनेक डिस्कवर विभागून ठेवलेल्या माहितीच्या बाबतीत ही विसंगती अधिक त्रासदायक ठरू शकते.

हे टाळण्यास दोनच गोष्टी लागतात: वीज गेल्याची सूचना आणि काम आवरण्यापुरता अवधी. चांगला यूपीएस एका यूएसबी तारेने संगणकाला ही सूचना देतो. 'नेटवर्क यूपीएस टूल्स'सारखी मुक्त संगणकप्रणाली ती सूचना घेऊन रॅकमधील यंत्रांना क्रमाने बंद होण्याचा आदेश देते. चालू कामे थांबतात, स्मृतीतील माहिती डिस्कवर उतरते आणि यंत्र शांतपणे बंद होते. ह्या साऱ्याला बहुधा काही मिनिटे पुरतात. उलट, ही तार जोडलीच नाही, तर बॅटरी चार तासांची असो की आठ तासांची, ती संपताच तोच अकस्मात आघात होतो. फक्त तो मध्यरात्री, घरातील सर्व मंडळी झोपेत असताना होतो.

थोडा हिशेब केला असता ही गोष्ट अधिक स्पष्ट होईल. समजा, रॅकमधील सर्व यंत्रे मिळून २०० वॉट वीज घेतात. लहान यूपीएसमध्ये १२ व्होल्ट व ७ अँपिअर-तास क्षमतेची बॅटरी असते. कागदावर तिच्यात ८४ वॉट-तास ऊर्जा आहे, म्हणजे २०० वॉटचा भार पंचवीस मिनिटे चालावा. प्रत्यक्षात तसे होत नाही. शिशाच्या बॅटरीतून प्रवाह जितक्या वेगाने काढावा, तितकी तिची उपयोगी क्षमता घटते. हा नियम पॉइकर्ट ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये मांडला. त्यात रूपांतरातील घट धरली, तर हाती आठदहा मिनिटेच उरतात. परंतु व्यवस्थित बंद होण्याला तेवढी पुरेशी आहेत. बॅटरी जुनी झाली की हा अवधी आणखी कमी होतो. म्हणून यंत्रे बंद करण्याचा आदेश वीज गेल्यापासून दोनतीन मिनिटांतच सुटावा, अशी योजना असावी.

यूपीएसच्या खोक्यावर ठळकपणे छापलेला आकडा बहुधा व्होल्ट-अँपिअरचा असतो. ६०० व्होल्ट-अँपिअरचा लहान यूपीएस पुष्कळदा ३६० वॉटच देऊ शकतो. ग्राहकाला खरी गरज असते ती इतक्या वॉटवर इतकी मिनिटे, ह्या कोष्टकाची. हे कोष्टक खोक्याच्या दर्शनी बाजूस छापले गेले, तर अनेकांचे पैसे वाचतील आणि क्षमतेपेक्षा अधिक भार लादण्याची चूकही टळेल.

ह्यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. ज्या गावी रोज दोनतीन तास वीज नसते, तेथे घरून काम करणाऱ्याने काय करावे? सर्व्हर बंद झाला तर त्याचे काम कसे चालावे? हा आक्षेप टाळता येण्यासारखा नाही. परंतु त्याचे उत्तर साऱ्या रॅकसाठी अवजड बॅटरी घेणे हे नव्हे. भाराची विभागणी करणे हे आहे. राउटर व इंटरनेटची जोडणी देणारे यंत्र मिळून साधारणपणे वीसपंचवीस वॉट घेतात. मांडीवरील संगणकाला स्वतःची बॅटरी असते. एवढाच भार वेगळ्या लहान यूपीएसवर ठेवला, तर थोड्या ऊर्जेत कित्येक तास काम चालते. डिस्कांचा मोठा भार मिनिटांवर ठेवावा आणि संपर्काचा लहान भार तासांवर. ज्याला खरोखरच सारा रॅक तासन्तास चालवावयाचा आहे, त्याने तो अवश्य चालवावा. मात्र आपण घरात एक लहान वीजघर उभारीत आहोत, हे ओळखून त्याप्रमाणे खबरदारी घ्यावी.

आधी अर्थिंग

संगणकाच्या लोखंडी पेटीला हात लावताच बोटांना मुंग्या आल्यासारखे वाटते, हा अनुभव भारतातील असंख्य घरांत येतो. 'थोडा करंट येतो, चालायचेच' असे म्हणून तो सोडून दिला जातो. वस्तुतः ती अर्थिंग नसल्याची स्पष्ट सूचना असते. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतील गोंगाट गाळण्यासाठी लहान धारित्रे बसविलेली असतात. त्यांचे एक टोक विजेच्या दोन तारांकडे आणि दुसरे लोखंडी पेटीकडे असते. पेटी जमिनीला जोडलेली असली, तर त्यांतून झिरपणारा अल्प प्रवाह निमूटपणे जमिनीत जातो. ती जोडलेली नसली, तर पेटी दोन तारांच्या मधोमध तरंगत राहते. म्हणजे २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर तिचा दाब सुमारे ११५ व्होल्ट होतो. एका यंत्राचा झिरपणारा प्रवाह इतका अल्प असतो की केवळ मुंग्या येतात. परंतु रॅकच्या एकाच सांगाड्यावर आठदहा यंत्रे बसविली, की हे प्रवाह एकत्र होतात. त्यांतील एखाद्या यंत्राचे आतील आवरण झिजले, तर पूर्ण २३० व्होल्ट त्याच सांगाड्यावर येतात आणि त्याला स्पर्श करणाऱ्याच्या जिवावर बेतते.

बॅटरी घेतली, तरी अर्थिंग निर्माण होत नाही. ते जमिनीतून, तारेतून आणि प्लगच्या तिसऱ्या पिनेतून येते. आपल्याकडील प्लगची ही पिन इतर दोहोंपेक्षा जाड व लांब असते, ती ह्याचसाठी की जोडताना तिचा संपर्क प्रथम व्हावा आणि काढताना शेवटी तुटावा. दोन पिनांचा जोड वापरून तिला निरुपयोगी करणे, किंवा ती कापून टाकणे, म्हणजे घराच्या संरक्षणाचा धागाच तोडणे होय. अर्थिंग कसे असावे, ह्याविषयी आय. एस. ३०४३ हे भारतीय मानक आहे. परवानाधारक वायरमनकडून तदनुसार तपासणी करून घेण्यास येणारा खर्च एका बॅटरीच्या किमतीपुढे किरकोळ असतो.

अर्थिंगच्या जोडीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. जाणाऱ्या व परतणाऱ्या प्रवाहांत तेवढा फरक पडताच तो पुरवठा तोडतो. साधा एमसीबी हे काम करीत नाही. तो तारेला जपतो, माणसाला नव्हे. मात्र घरातील वीज गेल्यावर यूपीएसच्या पुढील भागावर ह्या आरसीसीबीचा पहारा राहीलच असे नाही, म्हणून अर्थिंगची जागा तो घेऊ शकत नाही. यूपीएसची चाचणी घेताना त्याचा प्लग उपटण्याची सवय पुष्कळांना असते. प्लग उपटला की अर्थिंगही तुटते. त्याऐवजी भिंतीवरील बटण बंद करावे, म्हणजे वीज जाते व अर्थिंग कायम राहते.

रॅकला स्वतंत्र १६ अँपिअरचा सॉकेट आणि योग्य जाडीची तांब्याची तार असावी. एक्स्टेन्शनला दुसरे एक्स्टेन्शन, किंवा यूपीएसला दुसरा यूपीएस, अशी साखळी करू नये. लेझर छपाईयंत्र, इस्त्री किंवा पाणी तापविण्याचे यंत्र यूपीएसवर कदापि जोडू नये. आणि घरातील एखाद्या सॉकेटमध्ये उलट दिशेने वीज सोडून इन्व्हर्टर जोडण्याचा जो अघोरी प्रकार कोठे कोठे आढळतो, तो सर्वथा वर्ज्य समजावा. बाहेरच्या खांबावर दुरुस्ती करणाऱ्या कामगाराचा त्याने प्राण जाऊ शकतो.

बटणाने न थांबणारी वीज

घरातील मुख्य बटण बंद केले म्हणजे घर निर्धोक झाले, असे मानण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. बॅटरी घरात आल्यावर ही सवय अपुरी पडते. मुख्य बटण बंद केल्यावर यूपीएसला वीज गेल्यासारखेच वाटते, आणि तो आपले कर्तव्य म्हणून २३० व्होल्ट पुढे पाठवीत राहतो. यूपीएसही बंद केला, तरी बॅटरीच्या दोन टोकांमधील ऊर्जा तशीच राहते. घरातील प्रत्येक व्यक्तीस, विशेषतः संकटसमयी धावून येणाऱ्या शेजाऱ्यास, हे ठाऊक असावे. म्हणून रॅकवर 'आत बॅटरी आहे' अशी मोठ्या अक्षरांत पाटी लावणे हा उपचार नव्हे.

शिशाची पुनर्भारित बॅटरी प्लांटे ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये तयार केली. तिच्या प्रत्येक घटाचा दाब सुमारे २ व्होल्ट असतो, आणि सहा घट मिळून १२ व्होल्ट होतात. बारा व्होल्टचा झटका सहसा जाणवत नाही, म्हणून लोक तिला निरुपद्रवी समजतात. धोका दाबाचा नसून प्रवाहाचा आहे. इन्व्हर्टरच्या १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीचा अंतर्गत रोध ओहमच्या काही सहस्रांशांइतकाच असतो. तिच्या दोन टोकांवर पाना आडवा पडला, तर हजार अँपिअरहून अधिक प्रवाह वाहू शकतो. पाना लाल होतो आणि वितळलेल्या धातूचे थेंब उडतात. म्हणून बॅटरीला हात लावण्यापूर्वी अंगठी, बांगडी व घड्याळ काढून ठेवावे, आणि बॅटरीच्या धन टोकाजवळच एकदिश प्रवाहासाठी बनविलेला फ्यूज असावा. प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे त्याची ठिणगी विझण्याची संधी असते. एकदिश प्रवाह असा थांबत नाही. साध्या दिव्याचे बटण बॅटरीच्या तारेवर बसविणे ह्याच कारणाने धोक्याचे आहे.

दुसरा धोका सैल जोडाचा. प्रवाहाने निर्माण होणारी उष्णता त्या प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे जूलने १८४१ च्या सुमारास दाखवून दिले. २०० वॉटच्या भारासाठी १२ व्होल्टच्या बॅटरीतून घट धरून सुमारे २० अँपिअर प्रवाह निघतो. एखादा नट सैल होऊन तेथे ओहमच्या विसाव्या भागाइतका रोध उत्पन्न झाला, तर त्या एका ठिकाणी २० वॉट उष्णता सतत निघते. एवढी उष्णता तारेचे आवरण वितळविण्यास पुरेशी आहे. हाच भार ४८ व्होल्टच्या बॅटरीसंचावर चालविला, तर प्रवाह चौथाई आणि तशाच जोडातील उष्णता सोळाव्या भागाइतकी होते. मोठा भार अधिक दाबाच्या संचावर घ्यावा, हे तज्ज्ञांचे सांगणे ह्या साध्या गणितावर आधारलेले आहे. मात्र दाब वाढला की उघड्या टोकांना झाकण्याची दक्षताही वाढविली पाहिजे.

पाणी घालावयाची शिशाची बॅटरी भारित होताना हायड्रोजन वायू सोडते. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले, की एक ठिणगी पुरते. हा वायू हलका असल्याने छताकडे जातो, यास्तव वरच्या बाजूस हवेला वाट असावी. अशी बॅटरी रॅकमध्ये, बंद कपाटात किंवा देवघरातील समईशेजारी ठेवू नये. पुष्कळ घरांत ती जिन्याखाली किंवा दाराजवळच्या बोळात असते. पण आग लागली तर बाहेर पडण्याचा मार्ग तोच असतो, हे फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही. तिच्यात डिस्टिल्ड पाणीच घालावे, नळाचे नव्हे. आणि ते घालताना डोळ्यांवर चष्मा व हातांत रबरी मोजे असावेत, कारण आत गंधकाम्ल असते.

अलीकडे लिथियम बॅटरीचा प्रसार वाढला आहे. तिच्यातील लोह-फॉस्फेट प्रकार हा इतर लिथियम प्रकारांच्या मानाने उष्णतेला अधिक टिकतो, त्याचे आयुष्य दीर्घ असते आणि वजन कमी असते. घरासाठी तो निःसंशय चांगला पर्याय आहे. परंतु त्याच्या प्रत्येक घटावर देखरेख करणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हवी, आणि त्याला मानवेल असाच चार्जर हवा. शिशाच्या बॅटरीच्या जागी लिथियमची बसवून जुनाच चार्जर चालू ठेवणे, किंवा वापरून टाकलेले घट जोडून घरी संच बनविणे, हे साहस कौतुकास्पद नाही. असा संच पेटला, तर घराबाहेर पडून १०१ किंवा ११२ ह्या क्रमांकावर कळवावे. घरगुती उपायांनी तो विझेल असे मानू नये.

उष्णता आणि वय

शिशाच्या बॅटरीचा खरा शत्रू म्हणजे उष्णता. तिचे आयुष्य २५ अंश सेल्सिअसच्या वर प्रत्येक १० अंशांना सुमारे निम्मे होते, असा सर्वमान्य ठोकताळा आहे. नागपूरच्या मे महिन्यात, संगणकांच्या गरम श्वासात बंद रॅकमध्ये ठेवलेली बॅटरी कागदावर लिहिलेली वर्षे टिकेल, ही अपेक्षा व्यर्थ होय. यूपीएसमधील बंद शिशाची बॅटरी सामान्यतः तीन ते पाच वर्षे चालते. तिच्यावर बसविल्याची तारीख लिहून ठेवावी, आणि दर तीन महिन्यांनी भिंतीवरील बटण बंद करून यंत्रे क्रमाने बंद होतात की नाही, हे पाहावे. फुगलेली, गरम लागणारी किंवा कुजक्या अंड्यासारखा वास येणारी बॅटरी त्याच दिवशी काढावी.

काढलेली बॅटरी कोठे जाते, हाही घराच्या सुरक्षिततेचाच प्रश्न आहे. फक्त ते घर दुसऱ्याचे असते. युनिसेफने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात घातक प्रमाणात शिसे आढळते, आणि जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून वितळविणे हे त्याचे एक मोठे कारण आहे. भारतात बॅटरी अपशिष्ट व्यवस्थापन नियम, २०२२ अन्वये वापरलेल्या बॅटऱ्यांच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. जुनी बॅटरी चार पैसे अधिक देणाऱ्या भंगारवाल्यास न देता विक्रेत्याकडे परत करणे, हे ग्राहकाचे कर्तव्य आहे.

शाळांचे काम

ही सर्व माहिती तज्ज्ञांपुरती ठेवण्यासारखी नाही. शाळेच्या संगणक कक्षातही अशाच पेट्या असतात, आणि त्यांना मुलांचे हात लागतात. शाळेतील विद्यार्थ्यांना ओहमचा व जूलचा नियम शिकविला जातो. त्याच वेळी शाळेचे अर्थिंग कोठे आहे, आरसीसीबीचे चाचणीचे बटण दाबल्यावर काय होते, इन्व्हर्टरची बॅटरी कोणत्या वर्षीची आहे, हे शिक्षकांनी परवानाधारक वायरमनच्या साहाय्याने त्यांना दाखवावे. वाचनालयांनीही आपल्या ग्रंथसूचीची आणखी एक प्रत वेगळ्या इमारतीत ठेवावी. कारण कोणताही यूपीएस आगीपासून, चोरीपासून किंवा डिस्कच्या वार्धक्यापासून माहिती वाचवू शकत नाही. असा पाठ एकदा गिरविलेला विद्यार्थी घरी जाऊन संगणकाच्या पेटीला हात लावील, मुंग्या येतात का ते पाहील, आणि आल्या तर वडिलांना बॅटरी आणावयास न सांगता वायरमनला बोलावण्यास सांगेल.